हातांवर बसणारे आमदार

नाना मोहळे व्यासपीठावर बसले की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसत. आमदार झाल्यावरही त्यांची ही सवय गेली नाही. फोटोग्राफर वैतागत, कार्यकर्ते मागून कानाशी लागत, "नाना, हात वर घ्या की, पेपरात बरं दिसत न्हाई." नाना ढिम्म. एकदा शेजारच्या खुर्चीवरच्या मंत्र्यांनी हसत विचारलं, "काय नाना, थंडी वाजते का?" नाना त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "न्हाई साहेब. ही दोन कुत्री हायेत. बांधून ठेवल्याली बरी." मंत्री खळखळून हसले. मी माइकपाशी उभा होतो. मला हसू आलं नाही, कारण त्यातल्या उजव्या कुत्र्यानं काय करून ठेवलंय ते मला ठाऊक होतं.

मी नगरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात निवेदन करायचो. निवेदन म्हणजे पाहुणे येईपर्यंत लोकांना धरून ठेवणं, आल्यावर त्यांना आभाळात चढवणं आणि भाषण लांबलं की घड्याळाकडे बघत गोड हसणं. असं गोड हसण्यात माझी उमर गेली. नानांचं व्याख्यान जिल्ह्यात कुठंही असलं की मला निरोप येई, "गुरुजी, तुमीच या. बाकीचे लई कौतुक करत्यात." परिचय कसा करायचा हेही त्यांनी ठरवून दिलं होतं. आधी गाव, मग पुस्तक, मग गुन्हा. आमदारकी शेवटी, तीही आठवली तर. निवेदक मंडळींत माझी यावरून बरीच टिंगल होई. आमदाराचा परिचय 'यांनी एका माणसाचा हात तोडला आहे' असा करणारा निवेदक अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन.

गाव जामखेडकडचं. कुसळं उगवणारी जमीन, सामाईक विहीर, आणि वीज ठरलेल्या वेळी तेवढी येणार. नाना आणि त्यांचा चुलतभाऊ मारुती यांच्यात पाण्याच्या पाळीवरून वाद होता. पुढचं नाना व्याख्यानात स्वतः सांगत. आवाज चढवत नसत, उलट उतरवत, म्हणजे शेवटच्या रांगेतली पोरं मान पुढं काढून ऐकत.

"मारुतीनं मोटारीच्या स्टार्टरवर हात ठेवला. पाळी माझी होती. माझ्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. मी काही ठरवलं नव्हतं. कुणीच ठरवत नसतं, पोरांनो. कोयता खाली आला आणि मोटार चालू झाली, दोन्ही एकदमच. त्याचा पंजा पेटीखाली चिखलात पडला होता. बोटं हलत होती. मारुती ओरडलासुद्धा नाही, तो त्या बोटांकडे बघत उभा राहिला. मग पाणी पाटाला लागलं, ते लाल होतं. मी पाटात बसलो आणि माझे हात धुवायला लागलो. लोक आले तेव्हा मी हातच धूत होतो."

इतकं झाल्यावर ते थांबत. एका कॉलेजात दोन मुलींना उचलून बाहेर न्यावं लागलं होतं आणि प्राचार्य नंतर माझ्यावर डाफरले होते, जणू कोयता मीच चालवला. मग नाना पोरांना मुठी आवळायला लावत. आवळा, अजून आवळा, नखं रुतू द्या. "आता उघडा. काय पडलं खाली? काहीच नाही ना? मग इतका जोर लावून धरलं काय होतं?" ह्या व्याख्यानाचं नाव 'मूठ उघडा', पुस्तकाचंही तेच. शिक्षा भोगून आल्यावर आधी गावच्या शाळेत, मग तालुक्यात, मग सगळ्या जिल्ह्यात ते हे सांगत फिरले आणि लोकांनी शेवटी त्यांना आमदार करून टाकलं.

टाळ्यांना मात्र सक्त मनाई. "दोन हात एकमेकांवर आपटायचे न्हाईत माझ्या सभेत." त्यामुळे व्याख्यान संपलं की हजारो माणसं मुकाट उभी राहत आणि भाषण संपलंय का मध्येच थांबलंय ते मलाच कळत नसे. आभार मानायला मी पुढं सरसावायचो आणि नाना पुन्हा बोलायला लागायचे. असं माझं हसं अनेकदा झालंय.

लोकांना वाटायचं, नानांचा राग गेला. पुस्तकातही तसंच आहे. मला मात्र कोल्हारचा प्रसंग आठवतो. नगर-मनमाड रस्त्यावर पुलाच्या अलीकडे आमच्या गाडीला एका टेम्पोनं घासलं. चूक टेम्पोवाल्याची, पण उतरून आरडाओरडा त्यानंच सुरू केला. नाना समजूत काढायला खाली उतरले. टेम्पोवाल्यानं त्यांची कॉलर धरली आणि सणसणीत मुस्कटात मारली. नानांची टोपी उडून चाकाखाली गेली. आमच्या ड्रायव्हरनं जॅकचा दांडा काढला. मी मधे पडणार तेवढ्यात नानांकडे नजर गेली. डोळे पार वर गेले होते, मानेच्या शिरा टरारल्या होत्या आणि उजवा हात खांद्याच्या वर उठला होता. मग त्यांनी डाव्या हातानं तो उजवा हात खाली ओढला, मनगट तोंडात घातलं आणि कचकन चावले. सोडलंच नाही. हनुवटीवरून रक्त गळायला लागलं, पांढऱ्या सदऱ्यावर ठिपके पडले. घशातून गुरगुर येत होती. टेम्पोवाला एक पाऊल मागं सरला, मग दोन, मग टेम्पो तिथंच टाकून उसाच्या फडात पळाला.

नाना रस्त्याकडेच्या पेरूवाल्यापाशी जाऊन बसले. मी रुमाल बांधला. मनगटावर तसलेच जुने वण होते, एकावर एक. ते बारा महिने लांब बाह्यांचा सदरा का घालतात हे तेव्हा कळलं.

"गुरुजी, मी हात उचलला का?"

"उचलला, पण मारला नाही."

"मग आपलं जमतंय म्हनायचं," असं म्हणून त्यांनी पेरूला तिखटमीठ लावायला सांगितलं.

अशा माणसाला राजकारणात पाठवणं हा आमच्या मतदारांचा विनोदच म्हणायचा. सभागृहात एकदा मोठा गोंधळ झाला, कागद फाडले गेले, कुणीतरी माइक उपटला, धक्काबुक्कीत एक ठोसा नानांच्या पाठीत बसला. नाना हातांवर बसून राहिले. टीव्हीवर दिवसभर तेच दाखवत होते, सभागृह पेटलंय आणि आमदार मोहळे निवांत. मतदारसंघातले लोक खवळले. जामखेडच्या एका हॉटेलात एक म्हातारा त्यांना तोंडावर म्हणाला, "आमी तुला भांडायला धाडलंय का बसायला?" नाना म्हणाले, "आजोबा, मी भांडलो की काय हुतं ते तुमाला ठावं हाय." म्हातारा चहा पीत राहिला. पण पुढं दर सभेत हा प्रश्न येतच राहिला.

पुस्तक त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ते बोलत छान, पण पेन धरला की हात अवघडे. माझ्या घरी सतरंजीवर बसून, शेंगा खात ते सांगायचे. शेवटच्या प्रकरणाला आलो तेव्हा म्हणाले, "लिवा, आज आम्ही दोघे भाऊ एका ताटात जेवतो."

मी लिहिलं आणि सहज म्हणालो, "वा! हे तुम्ही व्याख्यानात कधी सांगत नाही."

नाना शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "जेवत न्हाई. त्यो बोलत पन न्हाई माज्याशी. त्या दिसापासनं एक अक्षर न्हाई. कोर्टात माज्याविरुद्ध बोलला, पन ते जज्जाशी."

"मग हे कशाला लिहायचं?"

"आदी लिवून ठिवू. लिवलं की हुईल कदी तरी." मग एकदम म्हणाले, "गुरुजी, मला दुसरं काय नगं. मारुतीनं एकदा माज्याशी बोलावं. मग मी हे समदं बंद करतो, व्याख्यानं बिख्यानं."

ते एका ताटाचं वाक्य पुस्तकात तसंच राहिलं, आणि पुस्तक वाचणाऱ्याला आवडायचं नेमकं तेच. शाळांतल्या पोरींनी ते फलकांवर लिहिलं, कीर्तनकारांनी कीर्तनात घेतलं.

त्यानंतर नानांबरोबर गावाला जायचा योग बऱ्याचदा आला. गाडी गावात शिरली की पहिली मारुतीच्या दारात थांबे. ड्रायव्हर न सांगता इंजिन बंद करी. मारुती ओट्यावर बसलेला असे, उजवी बाही मनगटापाशी गाठ मारलेली. उंच, हाडापेराचा, नानांपेक्षा देखणा माणूस. नाना खाली उतरून विचारत, "मारुती, बरा हायेस का?" मारुती भिंतीकडे तोंड करून बसे. नाना उभेच. मग आतून मारुतीची बायको सखूवहिनी डोक्यावर पदर घेत म्हणे, "बरं हाय, भाऊजी." नाना थोडा वेळ थांबत आणि गाडीत येऊन बसत. दर वेळी हेच. मागं बसलेले ठेकेदार आणि सरपंच घड्याळं बघत, पण एकाची बोलायची टाप नव्हती.

नानांनी त्याच्यासाठी काय काय केलं! पोराला नोकरी लावून दिली, मारुतीनं पोराला घरी बसवलं. विहिरीतला आपला हिस्सा सोडून देतो म्हणाले, मारुतीनं सह्या केल्या नाहीत. शेवटी पुण्याहून एक चांगला कृत्रिम हात करून पाठवला, बोटं मिटणारा. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर मारुतीच्या ज्वारीत, अगदी रस्त्याला लागून, एक बुजगावणं उभं होतं. त्याच्या उजव्या बाहीत तो हात बसवला होता, बोटं वळवून, गाडीच्या दिशेनं. कार्यकर्ते भडकले. एक जण उपटून टाकायला उतरत होता, नानांनी त्याला दंडाला धरून आत ओढलं. "ऱ्हाऊ दे. त्येचा हात हाय, त्यो कुटंबी लावील."

आता पोपटचं सांगायला हवं. पोपट म्हणजे नानांच्या युवक आघाडीचा अध्यक्ष. तोंडात कायम तंबाखूचा मावा, मनगटात चांदीचं कडं, आणि नानांवर निस्सीम भक्ती. पोपटनं आयुष्यात एकच पुस्तक वाचलं, पण ते इतक्या वेळा वाचलं की पानंच्या पानं म्हणून दाखवायचा. निवडणूक तोंडावर आली होती, आमदार बसूनच राहतात ही कुरबूर वाढली होती, आणि पोपटच्या डोक्यात एक कल्पना आली.

आमच्या भागात कुठल्याही भानगडीवर शेवटचा इलाज म्हणजे सत्कार. दोन गट वर्षभर एकमेकांची डोकी फोडतात, मग कुणीतरी शाल-श्रीफळ आणतो, दोघांना फेटे बांधतो, फोटो निघतो आणि प्रकरण मिटलं असं सगळे धरून चालतात. न मिटलेलं माणूस फेट्याखाली बसलेलं असतं, पण त्याला कोण विचारतो! पोपटला प्रामाणिकपणे वाटलं, एका ताटात जेवणारे हे दोन भाऊ लोकांनी डोळ्यांनी बघितले तर निवडणूक खिशात. मारुती नानांशी बोलत नाही हे त्याच्या कानावर आलं होतं. पण पुस्तकात छापलंय त्यापुढं कानावर आलेलं त्याला खोटं वाटलं.

नानांच्या वाढदिवसाला जामखेडच्या बाजार समितीच्या पटांगणात मंडप घातला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशनही तेव्हाच होतं. ऊन असं की पत्र्याच्या खुर्चीला हात लागला तर चटका बसावा. मारुतीला पोपटच्या पोरांनी विहिरीच्या वीजजोडाचा साहेब आलाय, आजच निकाल लावतो म्हणून सांगून आणलं होतं, हे मला मागाहून कळलं. मारुती धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला आणि साहेब कुठं दिसतो का म्हणून मान वळवून बघत राहिला. कुणीतरी त्याला फेटा बांधला. एका हातानं तो त्याला सोडता येईना.

नाना व्यासपीठावर आले आणि त्यांना समोर मारुती दिसला. ते मला माइकपाशी येऊन कुजबुजले, "ह्यो कसा काय आला? आपनहून आला व्हय?" त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आमदार होतानाही पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, मला काहीच माहीत नाही. तेवढ्यात पोपटनं माझ्या हातातून माइक घेतला.

"आता तो क्षण येतोय, ज्याची सारा महाराष्ट्र वाट बघतोय! ज्यांचा हात गेला, पण ज्यांनी हृदय दिलं, ते नानांचे बंधू मारुतराव मोहळे!"

चार पोरांनी मारुतीला जवळजवळ उचलूनच वर आणलं. हलगी कडाडली. नानांच्या हातात शाल दिली गेली. ती त्यांनी मारुतीच्या खांद्यावर घातली. नारळ मारुतीच्या डाव्या हातात कोंबला. फोटोवाले ओरडले, "दादा, इकडं बघा, हसा जरा." आणि मग दोन बायका एक भलंमोठं ताट घेऊन आल्या. पुरणपोळी, तुपाची वाटी, भजी. एकच ताट.

"एका ताटातला घास!" पोपट माइकवर ओरडला. "नाना, भरवा!"

नानांनी पोपटकडे पाहिलं, मग मारुतीकडे. त्या क्षणी त्यांनी नको म्हणायला हवं होतं असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर, तहानलेल्या माणसाला समोरचं पाणी गढूळ आहे का हे दिसत नाही. त्यांनी पोळीचा तुकडा तोडला, तुपात बुडवला आणि उजव्या हातानं मारुतीच्या तोंडाशी नेला. त्याच हातानं.

मारुतीनं नारळ हाणला. पहिला तडाखा भुवईवर बसला, तो आवाज माइकमधून सगळ्या पटांगणाला ऐकू गेला. दुसरा तोंडावर. पुढचे दोन दात ताटात पडले, पोळीवर. तुपाच्या वाटीत रक्त उडालं. मारुतीचा हात पुन्हा वर गेला, पण तोवर पोरं त्याच्यावर तुटून पडली होती.

त्यांनी त्याला खाली पाडून तुडवायला सुरुवात केली. फेटा सुटला, एकानं तो गळ्याभोवती आवळून ओढला. बुटांच्या टाचा बरगड्यांवर पडत होत्या आणि प्रत्येक टाचेबरोबर मारुतीच्या छातीतून हवा निघाल्याचा आवाज येत होता. पोपट सगळ्यांत पुढं. "आमच्या देवावर हात टाकतो!" असं ओरडत त्यानं मारुतीच्या त्या तुटक्या हातावर पाय दिला.

नाना गुडघ्यांवर होते. डोळ्यांत रक्त गेलेलं. ते उठले, माइकचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि फिरवला. पोपटचा जबडा मोडला तो आवाजही माइकमधूनच आला. दुसऱ्याच्या खांद्यावर, तिसऱ्याच्या गुडघ्यावर. ज्या पोरांना त्यांनी मांडीवर खेळवलं होतं त्यांना ते जनावरासारखे बडवत होते आणि ओरडत होते, "मागं सरा! मारीन एकेकाला!" एकाचा कान फाटून लोंबला. पोरं व्यासपीठावरून उड्या टाकायला लागली, खुर्च्या मोडल्या, बायका किंचाळत फाटकाकडे पळाल्या. शेवटी व्यासपीठावर मारुती पडलेला, त्याच्यावर दोन पाय फाकून नाना उभे, आणि एका कोपऱ्यात मी. नानांनी स्टँड टाकला आणि मारुतीच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ तसेच वाकून होते.

पटांगणातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये हे होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण पाहिलं काय, तर फक्त स्टँड फिरवणारे नाना. आधीचं आणि नंतरचं कापून टाकलेलं. ढोंगी, गुंड, जित्याजागत्या माणसाचा हात तोडणारा शेवटी तसाच निघाला, असं ज्याला त्याला वाटलं. ज्या कॉलेजांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनी व्याख्यानं रद्द केली. आणि गंमत बघा, आमदार भांडत नाही म्हणून ओरडणारेही म्हणाले, "असला मारकुटा माणूस नको बाबा." मला तेव्हा लोकांची अशी चीड आली की मी काही महिने निवेदनच बंद केलं. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. पोलिसांनी मारुतीविषयी विचारलं तर नाना म्हणाले, "नारळ मीच फोडत हुतो, निसटला." पोपटविषयी विचारलं तर म्हणाले, "त्याला मी मारलं. लिवा."

दवाखान्यात मी त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो. भुवईला टाके, तोंड सुजून भोपळा झालेलं. पलीकडच्या वॉर्डात पोपट जबड्याला तारा बांधून पडला होता, नाना रोज त्याच्यापाशी जाऊन बसत आणि पोपट डोळ्यांनी रडत असे. मारुतीच्या बरगड्या मोडल्या होत्या, त्याला नगरला मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं.

"गुरुजी, हात उचलला मी."

"मारुतीला वाचवायला उचलला, नाना. नाही तर पोरांनी त्याला ठार केलं असतं."

"ते हाताला कुटं कळतंय? हाताला बरं वाटलं. लई बरं वाटलं, गुरुजी. त्येचंच भ्याव वाटतंय." मग हळूच, "मी वाकलो हुतो तवा त्यो काय बोलला का? माज्या कानात रगत हुतं. तुमी जवळ हुता."

"नाही, नाना. काही नाही बोलला."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी त्यांचे पाय चेपत बसलो.

त्यानंतर नाना गावी मळ्यात राहायला गेले. गाडी गेली, पोरं गेली. फोन उचलत नसत. मारुती बरा होऊन घरी आल्याचं कानावर होतं. हुरड्याच्या दिवसांत मीच एकदा एसटीनं जामखेडला गेलो आणि तिथून रिक्षानं मळ्यात. नाना बांधावर बसले होते. मळकं धोतर, अंगात बंडी, पुढचे दात नाहीत, त्यामुळे हसले की लहान पोरासारखे दिसत. मला बघून त्यांना आनंद झाला, पण बोटानं गप्प बसायची खूण केली आणि शेजारी जागा दिली.

बांधापलीकडे मारुतीचं चाऱ्याचं हिरवंगार कडवळ होतं आणि त्यात नानांची एक तांबडी कालवड गळ्याइतकी शिरून मजेत चरत होती. दावं तिच्यामागं लोळत होतं. तुटलेलं नव्हतं. इकडं खुंट्यापाशी गाठ व्यवस्थित सोडलेली दिसत होती.

"नाना, कालवड सुटली की," मी म्हणालो.

"व्हय," नाना म्हणाले आणि समोर बघत राहिले.

तेवढ्यात मारुती कडवळातून धावत आला. बरगड्या अजून दुखत असाव्यात, एका अंगावर कलंडून पळत होता. त्यानं कालवडीच्या पाठीत काठी घातली, मग काठी फेकली आणि बांधाकडे वळला. त्याचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. खणखणीत, नानांसारखाच.

"ए रंग्या! मुडद्या! पुन्यांदा सोडली व्हय रं? माजं कडवळ काय तुज्या बापानं पेरलंय? आमदारकी गेली तरी माज उतरंना तुजा! पुस्तकं लिवतंय, भाडखाऊ! एका ताटात जेवतोय म्हनं! कवा जेवलो रं मी तुज्या ताटात? कवा? सांग की!"

त्यानं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. ते बांधावर फुटलं. दुसरं उचललं, त्यात दगड असावा. नानांच्या कानावर बसला आणि कानामागून रक्ताची धार मानेवर उतरली. नाना जागचे हलले नाहीत. मारुती पुढं येत होता, तोंडाला फेस आलेला, आईवरून, विहिरीवरून, मेलेल्या म्हाताऱ्यांवरून, इतक्या वर्षांत साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. रंग्या, रंग्या, रंग्या; नानांना या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. आमदाराला शिव्या घालायला त्याला कमीपणा वाटत असावा, भावाला घालायला नव्हता.

मला राहवेना. मी उठलो आणि हात वर करून म्हणालो, "अहो मारुतराव, जरा ऐकून तर घ्या—"

नानांनी माझ्या सदऱ्याला धरून मला खाली ओढलं. मानेवरचं रक्त पुसायचंही त्यांना भान नव्हतं. बोळक्या तोंडावर हसू आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"गप बसा की, गुरुजी," ते म्हणाले. "आजून संपलं न्हाई त्याचं."